डाव्या पानावरची चूल

कोणतंही जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, लावायला बसले की मी आधी उजवी बाजू ठरवते. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं छपाईसाठी पानं मांडून देण्याचं छोटं दुकान आहे. बियाण्यांची माहितीपत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, सगळं येतं. हाताखाली नव्या मुली आल्या की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगते, वाचणाऱ्याला जिथे पोचवायचं ते उजव्या पानावर ठेवा, आणि जिथून उचलायचं ते डाव्या. मुलींना वाटतं, मॅडम हे कुठल्या तरी कोर्समध्ये शिकल्या. कोर्स मी केलाय, पण त्यात हे नव्हतं. हे मी तीर्थपुरीत शिकले, आमच्या न्हाणीच्या फोटोवरून. तेव्हा मी शाळेत होते, आणि ते शिकताना मला इतकी लाज वाटत होती की मासिक मी पोटाशी धरून घरात नाही, शेजारच्या कडब्याच्या गंजीमागे जाऊन वाचत असे.

क्रमानेच सांगते, नाहीतर माझं मलाच जमत नाही. आमचं घर तीन खोल्यांचं, विटांचं, वर पत्रे. आबा, माझे वडील, गावातल्या बड्या व्यापाऱ्याच्या, अण्णांच्या आडतीवर मुनीम होते. कापूस आणि तूर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांचं वजन, पट्टी म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, सगळं त्यांच्या हातचं. सुटीच्या दिवशी ते गवंड्याला स्वतः विटा उचलून देत, आणि असं करत करत ते घर उभं राहिलं. शेवटी झालं ते स्वयंपाकघर. काळ्या फरशीचा ओटा, गॅसची शेगडी, आणि भिंतीला मांडणी. मांडणीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमाने, सर्वांत मोठ्यात ज्वारीचं पीठ, सर्वांत लहानात जवसाची चटणी. मायला अंधारातही हवा तो डबा सापडायचा. एखादा डबा मी उलटसुलट ठेवला की ती काही न बोलता तो परत जागेवर ठेवायची, पण ठेवताना जरा आपटायची. माझी सगळी शिस्त त्या आपटण्यातून आली आहे. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज, पत्र्यावर चिमण्यांची नखं, लांबून आडतीवरच्या हमालांची हाळी, आणि या सगळ्यात मध्येच डब्याचं झाकण लागल्याचा टप्प आवाज. घर म्हटलं की मला आधी तो आवाज आठवतो.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर न्हाणी होती. तीन बाजूंना भिंत, कोपऱ्यात पाणी तापवायची मातीची चूल, बाजूला पऱ्हाट्यांचा भारा. कापसाच्या पऱ्हाट्या जळतात चांगल्या पण धूर भयंकर करतात, त्यामुळे ती भिंत वरपासून खालपर्यंत काजळीने मखमली झालेली. मायने तिला कधी चुना लावला नाही. न्हाणीला कोण चुना लावतं?

बायकांचं ते मासिक अण्णांच्या घरी यायचं. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, वाचून झालं की आबांच्या पिशवीतून आमच्याकडे. माय त्यातल्या पाककृती बोट ठेवून वाचायची आणि बहुतेकींना नावं ठेवायची. मला गोष्टींत फार रस नव्हता. मला पानं आवडायची. मथळा कुठे ठेवलाय, फोटोतलं माणूस कुठे बघतंय, रिकामी जागा का सोडली आहे, हे मी शाळेची पट्टी लावून बघायची. मग जुन्या पेपरातले तुकडे कापून जमिनीवर तशीच मांडणी करायची. माय म्हणायची, "कामं सोडून पानं काय मोजून राह्यली? ज्वारी निवड." मी ज्वारी निवडायची, पण सुपातही तिचे कॉलम करायची.

बेबीताई अण्णांची धाकटी मुलगी. ती चांगली होती, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तिच्यावर राग धरायचं कारण नाही. तिचं शिक्षण बाहेर वसतिगृहात झालं, तिकडे नाटकात गेली, आणि मग सिनेमात. तिचे दोन चित्रपट लागून गेल्यावर त्या मासिकाने तिची मुलाखत घ्यायचं ठरवलं, आणि त्यांना तिचं बालपणीचं घर हवं होतं. अण्णांचा बंगला मोझॅक फरशीचा, दिवाणखान्यात फ्रीज. त्याआधीचं घर पाडून तिथे गोदाम झालेलं. मग एका सकाळी अण्णा स्वतः आमच्याकडे आले, बाजेवर बसले आणि आबांना म्हणाले, "मुनीम, मुंबईची लोकं येऊन राह्यलीत. त्यांला बेबीचं जुनं घर पाह्यजे. तुमचं घर जरा तसं वाटतं."

आबा म्हणाले, "या की."

तसं म्हणजे कसं, हे कोणी विचारलं नाही. मायच्या कानात फक्त फोटो हा शब्द शिरला. तिने स्वयंपाकघराला नीळ घालून चुना दिला. डबे राखेने घासून असे काढले की त्यात बघून मी वेणी घातली. मोठी बहीण शकूआक्का आणि मी फरशी पुसली, दारात रांगोळी काढली, आणि पाहुण्यांसाठी मायने मेथीचे धपाटे केले, सोबत दही आणि ठेचा. लग्नातलं हिरवं काठाचं लुगडं ती त्या दिवशी नेसली. तिने तसं बोलून दाखवलं नाही, पण स्वयंपाकघराचा फोटो निघाला तर कोपऱ्यात आपणही येऊ, अशी तिची तयारी होती.

मुलाखत घेणाऱ्या बाई आणि दाढीवाले फोटोग्राफर आले. धपाटे त्यांना फार आवडले. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बाई म्हणाल्या, छान आहे, पण फारच नवीन वाटतंय. फोटोग्राफरांनी मागचं दार उघडलं. न्हाणीतली काळी भिंत बघून त्यांचा चेहरा उजळला. माय घाईने पुढे झाली. "ती न्हाणी हाय, साहेब. तिथं आंघोळीचं पाणी तापवतो आमी."

"फोटोत काही कळत नाही, मावशी," बाई प्रेमाने म्हणाल्या.

मग त्यांनी न्हाणीतली बादली, साबण, घासायचा दगड बाहेर काढला. बेबीताईला जुनं लुगडं दिलं, आमचंच. तिच्या हातात फुंकणी आली, तव्यावर भाकर हवी झाली. बेबीताईला थापता येईना, ती हसत सुटली, "माय, तुम्हीच थापा हो." मायने थापली. न्हाणीच्या चुलीवर आमच्यात कोणी भाकर टाकत नाही, आणि मायने ती टाकताना तोंड फिरवलेलं मी पाहिलं. नंतर ती भाकर कोणी खाल्ली नाही, शेजारच्या गाईला घातली. एवढं झाल्यावर मायने एकच मागणं केलं, मधलं दार उघडं राहू द्या, म्हणजे मागे डबे दिसतील. फोटोग्राफर म्हणाले, राहू द्या, तसंही ते अंधारात जाईल. माय आत जाऊन मांडणीजवळ उभी राहिली, पदर सारखा करून.

अंक आला तेव्हा अण्णांनी त्याचा गठ्ठाच मागवला आणि आडतीवर येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पट्टीबरोबर एक एक दिला. आमचा आबांनी आणला. मी गंजीमागे गेले ती तेव्हा.

ते जोडपान मला आजही पाठ आहे, आणि व्यवसायातली बाई म्हणून सांगते, ते उत्तम होतं. मथळा दोन्ही पानांवर पसरलेला, 'चुलीपासून पडद्यापर्यंत'. डाव्या पानावरचं 'चुलीपासून' कोळशाने ओढल्यासारखं जाड, खरबरीत. उजव्या पानावरचं 'पडद्यापर्यंत' बारीक, डौलदार. डावं पान सगळं एकच फोटो, काळा-पांढरा, कडेपर्यंत. उकिडवी बसलेली बेबीताई, चुलीचा उजेड फक्त तिच्या गालावर, आणि चुलीतल्या पऱ्हाट्यांची टोकं उजवीकडे. धूरही उजवीकडे चाललेला. तिची नजरही उजवीकडे. आणि नजर जिथे पोचते तिथे, पुढच्या पानावर, रंगीत फोटोत तीच बेबीताई पांढऱ्या सोफ्यावर बसून थेट आपल्याकडे बघते आहे. भोवती भरपूर मोकळी जागा. मजकूर तीन कॉलमात, पहिलं अक्षर मोठं, मध्ये चौकट, तिच्यात एक वाक्य, आईच्या हातच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे असं काहीतरी. ती चव न्हाणीच्या चुलीवरची, आणि भाकर गाईने खाल्लेली, हे चौकटीला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पट्टी न लावताच मला सगळं कळलं. उजवं पान इतकं उजळ दिसायला डाव्या पानाला अंधार लागत होता. अण्णांच्या घरात तो मिळाला नाही, आमच्याकडे मिळाला. डाव्या पानाच्या तळाशी, काजळीच्या काळ्यावर, पांढऱ्या बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'तीर्थपुरीतल्या याच स्वयंपाकघरात माझं बालपण गेलं.' मागचं उघडं दार म्हणजे नुसता काळा चौकोन. डबे नव्हते. माय नव्हती.

मला लाज वाटली ती खोटं छापल्याची नाही. त्या वयात छापलेलं खोटं असतं हेच मला नवं होतं. लाज वाटली ती याची, की फोटोतलं ते घर बघून माझ्याही मनात आधी हेच आलं होतं, काय गरीब लोक आहेत.

मायने ती ओळ बोट ठेवून वाचली, दोनदा. "ह्येला सैपाकघर म्हनले?" एवढंच म्हणाली. गल्लीतल्या बायकांना मात्र महिनाभर पुरलं. नळावर घागर लावली की कोणीतरी विचारायचंच, "मुनीमबाई, सैपाक न्हाणीत करता, मंग आंघोळ कुठं करता?" माय त्यांच्यासारखीच हसायची आणि घागर अर्धी भरली असतानाच उचलायची. शाळेत मुली हेच मला विचारायच्या. पण एक होतं, ही चेष्टा आडतीच्या बाजूला कोणी करायचं नाही. अण्णांच्या कानावर जाईल असं गावात कोणीच काही बोलत नसे.

त्याच हिवाळ्यात शकूआक्काला स्थळ आलं, मंठ्याच्या बाजूचं. विहिरीची शेती, मुलगा नोकरीला, आणि कापूस अण्णांच्याच आडतीवर यायचा, त्यामुळे मध्यस्थ अण्णाच. आक्काने त्या मुलाला कुणाच्या तरी लग्नात पाहिलेलं होतं. तिने मला तसं सांगितलं नाही, पण भांडी घासताना ती त्याच्या गावाकडून येणारी एस.टी. किती वाजता पोचते असं सहज विचारायची, आणि आमच्याकडे त्या एस.टी.ने कोणीच येणार नसायचं. हे स्थळ मोडलं तर तिचं काय होईल, ते मला तिच्या घासण्याच्या आवाजावरून कळत होतं.

अण्णांबरोबर पाहुणे आले. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्याच्या आत यायच्या आधी त्याला हातपाय धुवायला पाणी देतात, आणि पाणी असतं न्हाणीत. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही बैठकीवर चादर बदलली, कपबशा मोजल्या, आक्काच्या वेणीत शेवंती माळली, आणि मुलाच्या आईला मी माझ्याच हाताने तांब्या देऊन मागच्या बाजूला घेऊन गेले. उंच, सावळी बाई. पाय धुऊन झाले तरी ती ओल्या पायांनी तिथेच उभी. चुलीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मधल्या दाराकडे पाहिलं. टॉवेल घेऊन ती बैठकीत आली, बसली, आणि हसतच अण्णांना म्हणाली, "अण्णा, पुस्तकातली बेबीची चूल तं हितं हाय. मंग हे घर कोनाचं म्हनायचं?"

अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसायला लागले. आता त्यांच्या जागी उभं राहून विचार केला तर वाटतं, तेही अडकलेच होते. पण त्यांनी रुमालाच्या वरून आबांकडे पाहिलं, आणि आडतीवर पट्टीत चूक निघाली की ते जसं बघायचे तसंच पाहिलं.

आबांपुढे दोनच वाटा होत्या. हे घर माझं आणि ती न्हाणी आहे, असं म्हटलं तर अण्णा आणि त्यांची मुलगी खोटे पडत होते, आणि तेही त्यांनीच आणलेल्या पाहुण्यांसमोर. मग स्थळही गेलं असतं आणि आडतही. दुसरी वाट आबांनी घेतली. मान खाली घालून नाही, अगदी सरळ बसून, वजन सांगावं तसं सांगितलं.

"आदी हे घर अण्णांचंच होतं. आमी मागून आल्तो ऱ्हायला."

"आन् सैपाक तिथं व्हायचा?"

"तव्हा तिथंच. आतलं सैपाकघर अलीकडचं. तेबी अण्णांनीच बांधून देलं."

माय पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आलेली होती. ती थांबली नाही. ट्रे ठेवला, पाहुण्यांना पदर सावरून नमस्कार केला आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून डब्याचं झाकण लागल्याचा टप्प आवाज आला. त्या वेळी कोणताही डबा उघडायचं काही काम नव्हतं. मुलाची आई अण्णांना म्हणाली, "चांगलं केलं अण्णा. आजकाल नौकराला घर कोन देतंय?" अण्णांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. "मुनीम आपला घरचाच मानूस हाय," ते म्हणाले. मी चादरीवरचं एक फूल नखाने खरवडत होते. आक्का पाटावर मान खाली घालून बसली होती, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बघणाऱ्यांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. त्याच बैठकीत साखर वाटली गेली.

रात्रीच्या जेवणाला माय आबांना वाढत होती. भाकर ताटात ठेवता ठेवता ती म्हणाली, "न्हाणी देली असती तं चाललं असतं. सैपाकघर कामून देलं?"

"शकूचं झालं ना," आबा म्हणाले, आणि चटणी मागितली.

आक्काचं चांगलं झालं. नवरा सालस, सासूने कधी दुखवलं नाही. पण त्या घरात ती पहिल्या दिवसापासून अण्णांच्या आसऱ्याला वाढलेली पोरगी म्हणूनच राहिली, आणि सासू प्रत्येक दिवाळीला अण्णांकडे शेतातला पहिला माल पाठवायची, आमच्या वतीने उपकार मानून. आक्काने खरं कधी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगायचं तर आपला बाप खोटं बोलला असं सांगावं लागलं असतं. तिची मुलं सुटीत आमच्याकडे यायची ती "अण्णाआजोबांच्या जुन्या घरी" यायची. माय त्यांना धपाटे करून घालायची आणि हे ऐकून घ्यायची. ती गेली तेव्हा मांडणीवरचे डबे आक्काने आणि मी वाटून घेतले. पिठाचा मोठा डबा माझ्याकडे आहे.

हे सगळं आता लिहायचं कारण गेल्या महिन्यात दुकानात आलेलं एक काम. बेबीताईंचा गावाकडून सत्कार आहे, त्याची स्मरणिका. बेबीताई आता साठीच्या पुढच्या. समितीच्या मुलांनी ते जुनं मासिक जपून आणलं होतं. हे जोडपान जसंच्या तसं मध्यावर घ्या, म्हणाले. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. आबा माझ्याजवळ असतात, दुपारी जेवण झालं की दुकानात येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसतात आणि मुलींना शुद्धलेखन सांगतात.

मी पान स्कॅन केलं. डावी बाजू फारच काळी होती, छपाईत नुसता डाग दिसला असता, म्हणून सवयीने जरा उजळ केली. आणखी जरा केली. बेबीताईच्या खांद्यामागचा काळा चौकोन राखाडी झाला, आणि त्यात एकाखाली एक अशा वाटोळ्या चकाकत्या कडा वर आल्या, उतरत्या क्रमाने. त्यांच्या बाजूला एक उभी पट्टी, लुगड्याच्या काठाची. चेहरा नव्हता, तेवढा उजेड त्या कागदात उरलाच नव्हता. पण उभं राहायची ती ढब दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. मी तळाची जुनी ओळ काढली आणि लिहिलं: 'मुनीमांच्या घरची न्हाणी. मागे त्यांचं स्वयंपाकघर.' मग आबांना हाक मारली.

ते चष्मा लावून पडद्याजवळ आले. खूप वेळ पाहिलं. मी म्हणाले, "आबा, माय दिसून राह्यली."

"दिसली," ते म्हणाले. मग बोट खालच्या ओळीवर ठेवलं. "हे काढ."

"आता कोणाला काय फरक पडतो, आबा? अण्णा न्हाईत, आक्काची सासू न्हाई."

"जावई येणारेत सत्काराला. नातवंडं येणारेत. शकूला त्यांच्यापुढं काय सांगायला लावती?" त्यांचं बोट डब्यांवर सरकलं. "आन् मागचं बी होतं तसं कर."

दुकान माझं आहे, काम माझं आहे, आणि आबा माझ्याच घरात राहतात. तरी मी माउस हातात घेतला. डावं पान मी पुन्हा काळं करत नेलं. आधी लुगड्याचा काठ गेला, मग लहान डबे, आणि सर्वांत शेवटी पिठाचा मोठा डबा. खालची ओळ जुन्या पानावर बघून, एकेक अक्षर ताडून, जशीच्या तशी टाइप केली. आबांनी ती वाचली, पूर्णविरामापर्यंत तपासली, आणि म्हणाले, "आता बराबर."